फेल्ड काउंट शून्य

डेटाबेसच्या लॉगचं आर्काइव्हिंग दोन तऱ्हांनी बिघडतं. एक म्हणजे बोंबाबोंब करत. दुसरं म्हणजे सगळं हिरवंगार दिसत असतं आणि तुमच्या हातात काहीच नसतं. मला विचाराल तर पहिलं परवडलं.

मिरजेत एका मित्राची पॅथॉलॉजी लॅब आहे, चोवीस तास चालणारी. सगळे रिपोर्ट्स पोस्टग्रेसमध्ये. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी 16 एमबीच्या 'वॉल' फाईल्समध्ये लिहितो. त्या एकेक करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकत राहायच्या. मग सर्व्हर जळला तरी जुना बेस बॅकअप आणि त्यानंतरच्या या फाईल्स लावून जवळजवळ शेवटपर्यंत परत येता येतं. पण मधली एक जरी गायब असली की गाडी तिथेच थांबते. पुढच्या हजार असल्या तरी काय उपयोग!

तर गेल्या शनिवारी त्याचा फोन. "अरे, डिस्क 96 टक्के भरलीय. आमचा पोरगा म्हणतोय जुने लॉग उडवतो."

म्हटलं, बाबा रे, कशालाही हात लावू नकोस! (या 'लॉग' शब्दापायी लोक पीजी_एक्सलॉग फोल्डर बिनधास्त रिकामं करायचे. शेवटी 2017 साली आवृत्ती 10 मध्ये त्याचं नाव बदलून पीजी_वॉल केलं.)

पहिला संशय नेहमीचाच. कॉपी फेल होत असेल, म्हणून फाईल्स साठल्या असतील. पण पीजी_वॉल जेमतेम 1 जीबी. पीजी_स्टॅट_आर्कायव्हर बघितलं, तर फेल्ड काउंट शून्य. शेवटची फाईल दोन मिनिटांपूर्वी व्यवस्थित गेलेली. आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर? तिथली शेवटची फाईल 19 दिवसांपूर्वीची!

काखेत कळसा अन् गावाला वळसा. दुसऱ्या कॉम्प्युटरची डिस्क सर्व्हरवर एनएफएसने माउंट केलेली होती. 19 दिवसांपूर्वी वीज गेली, दोन्ही मशीन्स बंद. सर्व्हर आधी उठला, त्यामुळे माउंट झालंच नाही. पण ज्यावर माउंट व्हायचं ते रिकामं फोल्डर तर होतंच. कमांड बिचारी त्यातच कॉपी करत बसली. एक्झिट कोड शून्य आला की पोस्टग्रेस खूश, फाईल कुठे गेली ते तो विचारत नाही. दर 5 मिनिटांना एक, दिवसाला साडेचार जीबी, असे 85 जीबी त्याच डिस्कवर. ती डिस्क गेली असती तर 19 दिवसांचे रिपोर्ट्स गेले असते. त्यात कुणाची बायोप्सीही असणार.

बरं, लगेच माउंट करूनही चालत नाही. तसं केलं तर आतल्या फाईल्स झाकल्या जातात, जागा मात्र खातच राहतात. म्हणून दुसरी डिस्क वेगळ्या ठिकाणी माउंट केली, फाईल्स नेल्या, चेकसम जुळवले, मगच इथल्या उडवल्या.

नंतर कमांडमध्ये कॉपीच्या आधी 'हे खरंच माउंट आहे का' ही तपासणी घातली. नसेल तर फेल हो.

"म्हणजे दुसरं मशीन बंद पडलं तर?"

"फाईल्स इथे साठतील. डिस्क पूर्ण भरली तर डेटाबेस बंद पडेल."

"लॅब बंद?"

"हो."

त्याला हे अजिबात आवडलं नाही. बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं की फेल्ड काउंट वाढला की त्याला एसएमएस. शिवाय दुसऱ्या मशीनवरची सर्वांत नवी फाईल अर्ध्या तासापेक्षा जुनी दिसली तरी एसएमएस.

रविवारी दुसऱ्या मशीनवर अख्खा डेटाबेस रिस्टोअर करून बघितला. शनिवारी रात्रीचा शेवटचा सीबीसी रिपोर्ट सापडला, तेव्हा कुठे जेवायला उठलो. मित्र आता दुसऱ्या मशीनलाही यूपीएस घेतोय म्हणे.