खालाच्या अंगणातली मिरचीची रोपे

औरंगाबादहून जळगावच्या रस्त्याला लागले की फुलंब्रीनंतर सिल्लोड येते, मग गोळेगाव, आणि तिथून पुढे अजिंठ्याचा डोंगर दिसू लागतो. या रस्त्याने जाणारे बहुतेक पाहुणे लेणी बघायला निघालेले असतात. आम्ही बहिणी लहानपणापासून याच रस्त्याने खालाच्या घरी जातो. खालांचे गाव मुख्य रस्त्यापासून आत, शिवन्याच्या बाजूला आहे. अजिंठा गावाची जुनी तटबंदी आणि वेस ओलांडून बाजाराला जाणारी माणसे, घरात दखनी आणि ओसरीवर आलेल्या शेजाऱ्याशी मराठी, असा हा मुलूख. लेण्यांमुळे जगाला तो माहीत झाला, पण इथल्या माणसाला विचाराल तर तो आधी मिरचीचे बोलेल. सिल्लोड आणि शेजारच्या भोकरदन तालुक्यात हिरव्या मिरचीवर हजारो घरे चालतात. भोकरदनच्या पिंपळगाव रेणुकाईला हंगामात रात्रीचा मिरचीचा बाजार भरतो आणि तिथून भरलेले ट्रक दूरच्या राज्यांत जातात.

२०२५ सालचा रमजान २ मार्चला सुरू झाला. चार रोजे झाल्यावर मी मुलांना घेऊन गेले, कारण खालांचा फोन आला होता: "पाचव्या रोजाला बी टाकायचंय. हात कमी पडतात. ये."

मला नवल वाटले. त्या भागात आता घरी रोप फार कमी जण करतात. मिरचीचे रोप रोपवाटिकेत सांगून ठेवायचे, पैसे भरायचे, आणि एप्रिलात ट्रे घेऊन यायचे, हा रिवाज पडून बरीच वर्षे झाली. मोठे भाई, म्हणजे खालांचे थोरले चिरंजीव, तेच करत. पण २०२४ मध्ये आणलेले रोप लावल्यावर तीन आठवड्यांत शेंड्याची पाने आखडू लागली. पाने वरच्या बाजूला वळली, होडीसारखी झाली, पिवळी पडली आणि झाड खुजेच राहिले. याला इकडे चुरडा-मुरडा म्हणतात, कोणी बोकड्याही म्हणतो. पांढरी माशी हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. फवारणी माशीला मारते, झाडातला रोग जात नाही. भाईंनी अर्ध्या एकरातली निम्म्याहून जास्त झाडे उपटून जाळली. ठिबकचे, मल्चिंगच्या कागदाचे, खताचे पैसे उधारीचे होते. त्या वर्षी भाभींच्या कानातले गेले ते परत आले नाही.

रोपवाटिकावाला म्हणाला, माशी तुमच्या शेतात लागली. भाई म्हणाले, रोपातच रोग होता. खरे काय, ते सांगता येणार नाही. दोन्ही होऊ शकते. शेजारी जुने टोमॅटो किंवा मिरची उभी असेल तर निरोगी रोपालाही आठ दिवसांत माशी गाठते. खाला एवढेच म्हणाल्या, "कुणाचा गुनाह ते अल्लाह जाणे. पण पहिले चाळीस दिवस ते रोप कुणाच्या नजरेखाली होतं, हे मला माहीत नव्हतं. यंदा माझ्या नजरेखाली राहील."

भाईंची मिरची लावायचीच इच्छा उरली नव्हती. मका टाकू म्हणत होते. त्यांचे मन वळवले खालूंनी. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची एक हदीस मुसनद अहमदमध्ये आहे, तिचा आशय असा की कियामत येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हातात रोप असेल, तर लावता येत असल्यास त्याने ते लावून टाकावे. खालूंनी ती सांगितली आणि वर म्हणाले, "तुझी तर फक्त उधारी आहे." भाई हसले आणि बियाण्याच्या तीन पुड्या घेऊन आले.

बाजारासाठी संकरित बी, हे भाईंचे म्हणणे खालांनी मुकाट मान्य केले. तोंडाने तिखट सगळीच असते, पण व्यापाऱ्याला एकसारखी लांब, गडद आणि प्रवासात टिकणारी मिरची हवी असते. संकरित झाडाचे बी घरी धरून पुढच्या वर्षी पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. १० ग्रॅमच्या पुडीत दीड हजाराच्या आसपास बी. अर्ध्या एकराला पाच फुटांच्या सरीवर सव्वा फुटाने लावायची तर साडेतीन हजार रोपे लागतात, म्हणून तीन पुड्या. काही उगवत नाही, काही मरते, काही नांगे भरायला ठेवावे लागते.

घरच्या खाण्याची देशी मिरची मात्र खालांचीच. मधल्या तोड्यातली, निरोगी झाडावरची, झाडावरच लाल झालेली फळे त्या सावलीत वाळवून ठेवतात. ही झाडे परसात, शेतातल्या मिरचीपासून लांब असतात, कारण मिरचीच्या फुलात मधमाशी फिरली की भेसळ होते. बी काढताना हाताला गोडेतेल चोळायचे. मी शहाणपणा करून तसेच काढले आणि मगरिबपर्यंत बोटे थंड पाण्यात घालून बसले. रोजा असताना डोळ्याला हात लागला असता तर काय झाले असते, याचा विचारही नको.

पाचव्या रोजाला जुहरनंतर आम्ही अंगणात बसलो. कोकोपीट भिजवून मुठीत दाबले की पाणी टपकू नये, पण गोळा व्हावा, इतके ओले. प्रत्येक ट्रेला ९८ कप्पे. कप्प्यात बोटाने अर्धा सेंटिमीटर खळगा, त्यात एकच बी, वरून हलके कोकोपीट. खोल गेले तर बी वर येता येता दमते. सेहेचाळीस ट्रे भरायला असरची अजान झाली. छोटी, भाईंची सात वर्षांची मुलगी, दर ट्रेला एक दुआ म्हणत होती. तिला पाठ असलेल्या दुआ संपल्या तेव्हा ती जेवणानंतरची दुआही म्हणू लागली आणि खालूंनी ती चालवून घेतली.

मग ट्रे एकावर एक रचले आणि काळ्या प्लास्टिकने गच्च झाकले. उगवायला उजेड लागत नाही, ऊब आणि ओल लागते. पंचवीस ते तीस अंश मिळाले की मिरची आठवड्यात डोके वर काढते. थंडीत पंधरा दिवसही घेते. धोका झाकण्यात नसून उघडायला उशीर होण्यात आहे. पांढरा कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे पसरायचे. बाराव्या रोजाला कोंब आले, आणि त्याच संध्याकाळी घरात वीस माणसांची इफ्तार होती. भजी, खजूर, शरबत, मागून पुलाव. ट्रे उघडायचे राहिले. सकाळी सहरीची खिचडी आणि खट्टे उरकून भाभी धावल्या. तळाचे तीन ट्रे दोऱ्यासारखे लांब, फिकट झाले होते. अशा रोपाला मान धरता येत नाही. भाभींना रडू आले. खालांनी ते तीन ट्रे वेगळे ठेवले आणि बोलल्या नाहीत. सांगायचे तर, मला त्यांचे न बोलणेच जास्त लागले, कारण भजी तळायला भाभींना मीच बसवले होते.

ट्रे ठेवायला भाईंनी बांबू आणि जुने पाइप वाकवून बोगदा केला होता. त्यावर पन्नास मेशची बारीक नायलॉनची जाळी. आधी घरातली मच्छरदाणी टाकू असे ठरले होते. पण मच्छरदाणी डास अडवते, पांढरी माशी तिच्यातून सहज जाते. फुलकिडे तर त्याहून बारीक. जाळीच्या कडा मातीत गाडल्या, आत पिवळे चिकट कागद टांगले. खालांचा कायदा एकच: जाळी फक्त फज्रनंतर उघडायची, झारीने पाणी द्यायचे आणि लगेच झाकायची. संध्याकाळी पाणी नाही. रात्रभर ओल राहिली की रोपे बुंध्याशी सडून माना टाकतात. बी उगवण्याच्या सुमाराला ही मर सगळ्यात जास्त घरे बुडवते, आणि ती बहुधा प्रेमापोटी जास्त पाणी घातल्यानेच होते.

मी परत शहरात आले आणि ईदला पुन्हा गेले. रोपे पंचवीस दिवसांची झाली होती, चार-चार पानांची. शीरखुर्मा प्यायला आलेला प्रत्येक पाहुणा जाळीपाशी थांबे. एक नात्यातले मामू आत हात घालू लागले तशा खाला ओरडल्या, "आधी साबणाने हात धुवा!" मामू तंबाखू मळतात. ईदच्या दिवशी सत्तर वर्षांच्या माणसाला असे बोलल्यामुळे ओसरीवर शांतता झाली. पण खालांचे बरोबर होते. तंबाखूतला मोझॅकचा विषाणू हाताने मिरचीच्या रोपाला लागू शकतो, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली. मामूंनी हात धुतले, रोप पाहिले, आणि पुढच्या वर्षी आम्हालाही करून दे म्हणाले.

शेवटच्या आठवड्यात पाणी कमी केले आणि जाळीच्या आतच ट्रे उन्हात ठेवत गेले. रोप जरा कडक होते, देठ जांभळट होतो, शेतातले ऊन सोसते. बेचाळिसाव्या दिवशी, १७ एप्रिलला, उन्हे उतरल्यावर लागवड झाली. मी तेव्हा नव्हते. तळाच्या तीन ट्रेंमधली लांबलेली रोपे खालांनी फेकली नव्हती. देठ खोल मातीत घेऊन त्यांनी ती परसात लावली. त्यातली निम्मी जगली.

मे महिन्यात अवकाळी पावसाने सगळ्या महाराष्ट्राला झोडपले. सऱ्यांत पाणी साचले, भाई दोन रात्री चर काढत होते. कडेची काही झाडे मुळाशी सडून गेली. चुरडा-मुरडाही आला. येणारच होता, जाळी शेताला घालता येत नाही. पण या वेळी तो अशा झाडांना लागला जी कमरेला आली होती आणि फुलली होती. आणि आला तो एका कोपऱ्यात. खाला रोज फज्रनंतर फिरून आखडलेले झाड दिसले की उपटून पिशवीत घालत. महिनाभरात पन्नासेक झाडे गेली असतील.

बकरीदनंतर दोन आठवड्यांनी पहिला तोडा झाला. त्याचा भाव फारसा नव्हता. दुसऱ्याला बरा मिळाला. उधारी अजून पूर्ण फिटलेली नाही, कानातलेही आलेले नाही.

माझ्याकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, खालांच्या देशी बियाची सहा झाडे आहेत. ईदनंतर मी दह्याच्या रिकाम्या डब्यांना खाली भोके पाडून त्यांत माती, शेणखत आणि कोकोपीट सारखे घेतले, बी टाकले आणि कोंब येईपर्यंत डबे फ्रिजच्या वर ठेवले, तिथे ऊब असते. कोंब येताच गॅलरीत. सहा पाने झाल्यावर मोठ्या कुंड्यांत. घरात चार माणसांना ठेच्यापुरती मिरची रोज मिळते. २०२६ चा रमजान आणखी दहा-अकरा दिवस आधी येणार होता, म्हणजे फेब्रुवारीची थंडी असणार होती. खालांना विचारले, बी कधी टाकायचे? त्या म्हणाल्या, "चंद्र बघून रोजा धर. मिरचीला मात्र ऊन बघ. तू ईदच्या आधी आठ दिवस ये, आणि इफ्तारच्या दिवशी उघडायचे ट्रे आपण दोघी मोजून ठेवू."