मृत्यूच्या अलीकडची शोकांतिका

अभिजात हॉलिवूडच्या प्रेमपटांत नायिकेचा मृत्यू इतक्यांदा येतो की शोकांतिका त्या मृत्यूतच सामावलेली आहे असा समज सहज होतो. परंतु मार्गरीट, मायरा आणि लिसा या तिघींच्या कथा शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे ती मृत्यूच्या कितीतरी अलीकडे, प्रत्येकीने एकटीने घेतलेल्या एका निर्णयात घडून गेलेली दिसते.

जॉर्ज क्यूकर यांच्या ‘कमील’ (१९३६) मध्ये ग्रेटा गार्बोने साकारलेली मार्गरीट धनिकांच्या आश्रयाने राहणारी पॅरिसची गणिका आहे. तिचा प्रियकर आर्मां याचे वडील मुलाच्या भवितव्यासाठी तिच्यापाशी पदर पसरतात, तेव्हा ती आपले प्रेम आटल्याचे सोंग करून त्याचा तिरस्कार ओढवून घेते. तिचा त्याग मागितलेला आहे. आणि क्षयाने खंगलेली ती आर्मांच्याच मिठीत प्राण सोडते, एवढे दान तरी तिच्या पदरी पडते.

मर्विन लरॉय यांच्या ‘वॉटर्लू ब्रिज’ (१९४०) मधील मायराकडे, म्हणजे व्हिव्हियन लीकडे, असा त्याग कोणी मागत नाही. पहिल्या महायुद्धातील लंडनमध्ये प्रियकराला स्टेशनवर निरोप द्यायला गेल्यामुळे ही नर्तकी नोकरी गमावते, वर्तमानपत्रातील मृतांच्या यादीत त्याचे नाव वाचते आणि उपासमारीने देहविक्रयाकडे ढकलली जाते. तो जिवंत परततो, त्याची आईही तिला मायेने वागवते, तरीही ती स्वतःच स्वतःची न्यायाधीश होते. जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या चित्रपटात मायरा हवाई हल्ल्यात मरते, तर येथे ती लष्करी वाहनांपुढे स्वतः चालत जाते. १९३४ पासून काटेकोरपणे अमलात आलेला ‘प्रॉडक्शन कोड’, म्हणजे चित्रपटउद्योगाने स्वतःवर घालून घेतलेली नीतिनियमावली, ‘पतित’ नायिकेला सुखी शेवट सहजी लाभू देत नसे. लीच्या अभिनयाचे सामर्थ्य असे, की हा बाहेरचा दंडक मायराच्या अंतर्मनातून उमटल्यासारखा वाटतो.

माक्स ओफ्यूल्स यांच्या ‘लेटर फ्रॉम अॅन अननोन वुमन’ (१९४८) मधील लिसा, म्हणजे जोन फॉन्टेन, ज्या पियानोवादकाला आयुष्य वाहते त्याला ती प्रत्येक भेटीत परकीच वाटते. किशोरवयीन लिसा जिन्याच्या वरच्या टोकावरून त्याला एका स्त्रीसह घरी येताना पाहते. पुढे कॅमेरा त्याच जागेवरून लिसालाच त्याच्यासोबत जिना चढताना दाखवतो, आणि त्याच्या लेखी ती अनेकींपैकी एक आहे हे प्रेक्षकाला तिच्याआधी कळते. त्याच्यापासून झालेला मुलगा आणि ती स्वतः, दोघेही टायफसने दगावतात, आणि तिची ओळख त्याला पटते ती पत्रातून.

मार्गरीट आणि मायरा यांनी ज्यांच्यासाठी सर्वस्व सोडले, ते त्यांच्यावर प्रेम करणारे होते. लिसाने एकटीनेच पत्करलेले समर्पण मात्र स्वीकारणाऱ्याच्या गावीही नव्हते. म्हणूनच, तिघींत सर्वांत कमी अश्रू ढाळणारी ही कथा सर्वांत खोल शोकांतिका ठरते.