हलकं गिट

3 जानेवारी 2024, बुधवार
प्रयोगशाळेतल्या आठ जुन्या यंत्रांवर फ्रीबीएसडी 14.0 चढवलं. सवयीने एसव्हीएनलाइट (सबव्हर्जनचं हलकं रूप) टाइप केलं, तर कमांडच सापडेना. 10.0 पासून ते मूळ प्रणालीबरोबर यायचं. या आवृत्तीत काढलंय. योग्यच केलं, कारण सोर्स कोड डिसेंबर 2020 मध्येच सबव्हर्जनवरून गिटवर गेला. पण त्या जागी गिट आलेलं नाही. गिटचा परवाना जीपीएल, आणि मूळ प्रणालीत नवं जीपीएल घ्यायला ही मंडळी राजी नसतात. म्हणजे पॅकेज आपणच निवडायचं.

4 जानेवारी
एका यंत्रावर पूर्ण गिट बसवलं. मागोमाग पर्ल आणि त्याची मॉड्यूल्स आली. ती लागतात मेलने पॅच पाठवायला, सबव्हर्जनशी जोडून घ्यायला. आमच्या मुलांना यातलं काहीच नको. गिट-लाइट पर्लविना चालतं, गिट-टायनी त्याहूनही लहान. जादा आलेलं प्रत्येक पॅकेज पुढच्या अपडेटला सांभाळावं लागतं, म्हणून मी हलक्याच्या बाजूचा.

5 जानेवारी
आज गिटअप. सी भाषेतलं छोटंसं साधन. सोर्स आणतं, ताजा ठेवतं, बस्स. काम इतकं झटपट झालं की सगळीकडे हेच लावायचं मी ठरवूनही टाकलं.

दुपारी शेड्युलरचा कोड वाचत होतो. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, ही ओळ कुणी घातली? आधी इथे काय होतं?" गिटअप इतिहास ठेवतच नाही, त्यामुळे दाखवायला हाताशी काही नव्हतं. वर्षभरात याहून चांगला प्रश्न वर्गात आला नव्हता. तिला म्हटलं, सोमवारी दाखवतो.

8 जानेवारी, सोमवार
गिट-लाइट ठरलं. जागा वाचवायला फक्त शेवटची कमिट आणणारा उथळ क्लोन घेता आला असता, पण मग तीच चूक पुन्हा झाली असती. पॅकेज हलकं असावं. इतिहास कापून हलकेपणा आणू नये. म्हणून मोठी डिस्क असलेल्या एका यंत्रावर रात्रभर पूर्ण क्लोन उतरवला. बाकीची सात यंत्रं एनएफएसवरून तोच वाचतात.

सकाळी तिने स्वतः गिट ब्लेम चालवलं. ओळ सापडली, नाव सापडलं, कमिटचा संदेशही. मग सगळे मिळून मागे मागे जात राहिले. लॉगच्या तळाशी 1993 साल आहे.