अंगणात गट्टू बसवण्याआधी

घराची डागडुजी निघाली की हल्ली पहिला प्रश्न अंगणाचा. गट्टू बसवायचे की कोबा करायचा? आमच्याकडे मुलगा गट्टूंवर अडून बसला होता. सूनबाईने मात्र मोबाइलवर स्वीडनकडच्या बागा दाखवल्या. आपसूक वाढलेलं गवत, त्यात रानफुलं, पांढऱ्या सालीची भूर्जाची झाडं अन् साधा लाकडी बाक. मला ते मनापासून आवडलं. आपल्या मातीत जे येतं तेच लावायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

पण नुसत्या नकलेने भागत नाही. तिकडे हिवाळ्यात दिवस इवलासा, माणसं उन्हाला आसुसलेली. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो. तेव्हा आपला बाक म्हणजे लिंबाखालची बाज. भूर्जाच्या जागी लिंब, शेवगा, सीताफळ. दौलताबादच्या सीताफळाचं नाव तर दूरवर आहे. आणि तुळस हवीच. गंमत अशी, की तिचं आजचं शास्त्रीय नाव १७५३ साली स्वीडनच्याच लिनियस नावाच्या विद्वानाने दिलेलं आहे!

आता पाण्याचं बघा. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. वीस बाय तीस फुटांच्या अंगणावर त्याचं पाणी होतं सुमारे ३९ हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळजवळ आठ टँकर. सगळंच मुरत नाही, कबूल. पण कोब्यावरून ते थेट रस्त्यावर जातं. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आठवा.

आम्ही ट्रॅक्टरपुरती जागा मुरूम टाकून चोपून घेतली. पायवाटेला शेतातलेच चपटे काळे दगड लावले, मधल्या फटी तशाच ठेवल्या. न्हाणीचं पाणी केळीला अन् कर्दळीला सोडलं. कुंपणाकडे एक पट्टा मोकळा राखला. पावसाळ्यात तिथं तरोटा, आघाडा माजतो. शेजारणी हसतात. हसोत बापड्या, तरोट्याची कोवळी भाजी न्यायला त्याच येतात. विंचूकाट्याची भीती मात्र खरी, म्हणून उंबऱ्यालगतची जागा झाडून, सडा घालून स्वच्छच ठेवावी. गाजरगवत दिसलं तर फुलायच्या आत मुळासकट उपटावं.

शेवग्याची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाला रोवली तरी जीव धरते. फक्त घराच्या पत्र्यांपासून लांब लावा. तिच्या फांद्या ठिसूळ, वादळवाऱ्यात चटकन मोडतात.