मशीन तीच, पंखा दुसरा

नाव ओढत नाही म्हणून मोठी मशीन घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी पंखा, म्हणजे प्रोपेलर, दाखवायला सांगतो. पिपरी मेघेत माझं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. प्रोपेलरशी माझा संबंध आला तो जिल्ह्यातल्या एका जलाशयावर मासेमारी करणाऱ्या संस्थेमुळे. त्यांनी दोन लांब लोखंडी टाक्यांवर डेक बसवून पाँटून बोट करून घेतली होती. जाळी, बर्फ, मासे आणि माणसं न्यायची, मागे 40 हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मशीन. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "मशीन तं नवी हाये भाऊ, मंग जोर काऊन नाही लावत?"

मी मशीनला हात लावण्याआधी वजन विचारलं. 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 जणांचा जीव गेला, तेव्हापासून हा प्रश्न मी पहिला विचारतो. हिशेब सोपा आहे. 60 सेंटिमीटर व्यासाची, 6 मीटर लांबीची टाकी पूर्ण बुडाली तर सुमारे 1.7 टन पाणी बाजूला सारते. दोन टाक्यांचे 3.4 टन. पण टाक्या अर्ध्यापेक्षा जास्त बुडू द्यायच्या नाहीत, म्हणजे सगळं मिळून 1.7 टनांवर थांबायचं. टाक्या, डेक, रेलिंग, मशीन आणि पेट्रोल यांतच जवळपास 900 किलो गेले होते. उरले 800 किलो. त्याच्या वर एक माणूसही घ्यायचा नाही, हे मी डेकवर रंगाने लिहून घेतलं.

मग वाळूची पोती आणि माणसं मिळून तेवढं वजन भरलं आणि पूर्ण थ्रॉटल दिला. टॅकोमीटर 4600 फेऱ्यांवर अडकला. मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला 5000 ते 6000 फेऱ्या दिल्या होत्या. पंख्याच्या बुशीवर पिच 13 इंच कोरलेला. पिच म्हणजे घसरण अजिबात नसती तर एका फेरीत पंखा जेवढा पुढे गेला असता, ते अंतर. मशीनसोबत आलेला तो पंखा हलक्या, वेगाने पळणाऱ्या बोटीसाठी होता. काळ्या मातीत नांगरताना ट्रॅक्टर कोणी वरच्या गिअरमध्ये टाकत नाही. इथे नेमकं तेच झालं होतं. अशी गुदमरलेली मशीन पेट्रोल खाते, तापते आणि लवकर मरते. विकणाऱ्याने बोट कसली, वजन किती, हे विचारलंच नव्हतं.

पिच एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 फेऱ्या वाढतात. आम्ही 9 इंच पिचचा, चार पात्यांचा पंखा आणला. व्यास गिअरकेसवर बसेल तेवढा मोठा. दोन टाक्यांच्या मधलं पाणी घुसळलेलं, हवामिश्रित असतं. वळणावर तीन पात्यांचा पंखा तिथे पकड सोडतो, चार पात्यांचा धरून ठेवतो. भरल्या वजनाला फेऱ्या 5400 वर गेल्या. गिअर 2:1, म्हणजे पंखा मिनिटाला 2700 वेळा फिरतो. 9 इंचांनी गुणलं तर कागदावर ताशी 37 किलोमीटर होतात. बोट गेली 22 ने. एवढी घसरण पाँटूनला असतेच, तिची खंत करायची नाही. मला आनंद झाला तो वेगाचा नव्हे. दुपारनंतर समोरून वारा सुटला तरी भरलेली बोट पुढे सरकत राहिली, आणि काठाशी रिव्हर्स टाकताच जागेवर थांबली.

रिकाम्या बोटीवर दोघंच बसून पुन्हा तपासलं, कारण हलक्या वजनाला फेऱ्या 6000 च्या पुढे गेल्या तर तोही मशीनचा घातच. काटा त्याच्या आतच राहिला. चाचणी आम्ही मेच्या उन्हात घेतली. मशीनची ताकद साधारण 25 अंशांच्या हवेवर मोजलेली असते. आपल्याकडे 45 अंशांत हवा विरळ होते आणि पाचसहा टक्के जोर कमी पडतो. हिवाळ्यात चालणारा पंखा उन्हाळ्यात जड जाऊ शकतो.

स्टीलचा पंखा घ्या, असा आग्रह काही जणांनी धरला. मी नको म्हटलं. त्याचं पातं पातळ आणि टणक, वेगही थोडा जास्त, हे खरं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपल्या धरणांत काळा दगड आणि बुडालेल्या बाभळींची खोडं वर येतात. ॲल्युमिनियमचं पातं आपटलं तर वाकतं, ठोकून किंवा वेल्डिंग करून सरळ करता येतं. स्टील वाकत नाही. धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत जातो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

संस्थांना आणि ग्रामपंचायतींना माझं सांगणं एवढंच: बोट ताब्यात घेण्याआधी पूर्ण वजन भरा, पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटरचा आकडा स्वतः पाहा आणि तो पुस्तकाशी जुळेपर्यंत पैसे चुकते करू नका. आणि बोटीत एक जादा पंखा, नट, पिन आणि पाना कायम ठेवा.