पऱ्यातला गवंडी

मे महिन्यात आजोळी गेलं की आम्ही पोरं पऱ्यात उतरायचो. पाणी आटून घोट्याएवढं झालेलं असायचं. दगड उलटला की त्याच्या पोटाला वाळूच्या इवल्या नळ्या दिसत, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. तळहातावर पाण्याच्या थेंबात ठेवून थोडं थांबलं की एका टोकातून काळसर डोकं आणि पाय बाहेर येत आणि नळी चालू लागे. आजी त्यांना नुसतं ‘किडे’ म्हणायची. ही कॅडिसफ्लायची अळी, हे मला फार उशिरा कळलं.

तिचं बांधकाम बघत राहावं असं असतं. तोंडातून रेशीम काढायचं, पायांनी वाळूचा कण उचलायचा, फिरवून पारखायचा, बसत नसेल तर टाकून द्यायचा. बसला तर रेशमानं सांधायचा. हे घर म्हणजे तिचं चिलखत, वाहत्या पाण्यात तळाशी धरून ठेवणारं वजन, माशाच्या नजरेआड करणारा रंगही. अंग वाढेल तसं ती ते पुढून वाढवत नेते. शेवटी त्यातच स्वतःला कोंडून कोषात जाते, आणि एक दिवस पंख घेऊन निघून जाते.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या नॅचरलिस संग्रहालयात अशी जुनी घरं जपून ठेवलेली आहेत. संशोधकांनी अलीकडे ती पुन्हा तपासली, तर १९७१ सालच्या एका घरात प्लॅस्टिक निघालं. पाच मिलिमीटरहून बारीक अशा कणांना ‘मायक्रोप्लॅस्टिक’ म्हणणं रूढ झालं ते २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधानंतर. आपल्याकडे नाव येण्याच्या ३३ वर्षं आधी एक अळी तो कण भिंतीत बसवून मोकळी झाली होती. जर्मनीतल्या प्रयोगात पीव्हीसी आणि पीईटीचे कण मिसळून बांधलेली घरं निव्वळ वाळूच्या घरांपेक्षा कच्ची निघाली.

मला सलतं ते तिचं पारखणं. ती निष्काळजी नाही. कण हातात घेऊन फिरवून बघते. आकार जमतो, माप जमतं. लाखो वर्षं ओढ्याच्या तळाशी एवढी पारख पुरली. तळावर पडलेलं काही परकं असेल, अशी शंका घ्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

गेल्या वर्षी बऱ्याच काळानं त्या पऱ्यात उतरलो. दगड उलटला. नळ्या होत्या, जीव सुखावला. एकीवर निळा ठिपका दिसला. गारगोटी की आणखी काही, भिंगाशिवाय कळेना. दगड होता तसा पालथा ठेवला.

वर आलो तर मामाच्या लाकडांवर निळी ताडपत्री अंथरलेली होती. ऐन पावसाळ्यात कोकणात तिच्यावाचून कुणाचं चालतं! चार उन्हाळे खाऊन तिची कड पार विरली होती. सरळ करायला म्हणून हात लावला, तर बोटांना निळा चुरा लागला. त्या अंगणाचं पाणी पहिल्या पावसात थेट पऱ्यात उतरतं.