दुतोंड्या मारुती

पावसाळ्यात नाशिककराला ‘नदीला पाणी किती?’ असं विचारा. तो क्युसेकचा आकडा सांगत बसणार नाही. ‘दुतोंड्याच्या कमरेला लागलंय,’ एवढंच म्हणेल आणि ऐकणाऱ्याला ते पुरेल. गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला हे पेपरात छापून येतंच. पण गोदाकाठचा भरवसा रामकुंडाजवळ पात्रात उभ्या असलेल्या या मारुतीवर. गुडघा, कंबर, छाती, गळा, अशा पुराच्या खुणा त्याच्या अंगावरच ठरलेल्या. पाणी छातीकडे सरकायला लागलं, की सराफ बाजार आणि भांडी बाजारात माल वर चढवायची घाई सुरू होते.

शेंदरी अंग, माणसाहून कितीतरी उंच. समोरून या की मागून, तोंड आहेच. पाणी ओसरलं, की त्याचा घाट पुन्हा माणसांचा होतो. बुधवारी आठवडे बाजार भरतो, भाज्यांचे ढीग लागतात, पालं उभी राहतात आणि हा सगळ्यांच्या डोक्यावरून पाहत असतो.

गोदावरीचा फोटो काढणाऱ्यांनी तर त्याला गुरू मानावं. माणूस दोन डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे जवळचं-लांबचं त्याला आपोआप उमगतं. कॅमेऱ्याला डोळा एकच. घाटावर उभं राहून सरळ समोर फोन धरला, की एवढी नदी पट्टीसारखी चपटी होते. खाली पायऱ्यांची रेघ, मध्ये पाण्याची, वर देवळांची. कोण पुढे, कोण मागे, काही कळत नाही. ते अंतर फोटोत परत आणायचं, तर नजरेला मोजायला काहीतरी द्यावं लागतं. माणसाच्या घडणीचं हे शेंदरी अंग नेमकं त्यासाठी उपयोगी पडतं.

सकाळी लवकर जा. पायऱ्यांकडे तोंड करून उभे राहिलात, तर त्या नुसत्या आडव्या रेघा दिसतील. त्यांच्या लांबीच्या दिशेने पाहिलंत, तर त्याच रेघा दूर जाता जाता जवळ येत नजरेला आत नेतील. आता खाली बसा आणि कॅमेरा दगडाच्या जवळ आणा. ओल्या पायरीची कड, तिच्यावरची झिजलेली खाच, कुणी ठेवलेला तांब्या: हे झालं पुढचं अंग. मधल्या अंगाला मारुती. मागे देवळांची शिखरं. मग एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे करून पाहा. त्याच्या खांद्याआड मागच्या भिंतीचा थोडा भाग झाकला गेला, की पुढचं-मागचं स्पष्ट होतं. शिखर मात्र नेमकं डोक्यावर येऊ देऊ नका. ते मुकुटासारखं चिकटलं, की सगळं अंतर मिटतं.

लेन्सबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. २४ मिलिमीटरच्या लेन्सने मारुती भला मोठा दिसतो आणि देवळं लांब पळतात, २०० मिलिमीटरने देवळं त्याच्या पाठीला येऊन टेकतात, आणि लोक हे श्रेय काचेला देतात. खरं तर आपण जवळ गेलो किंवा लांब गेलो म्हणून हा फरक पडतो. कुठे उभं राहायचं ते आधी ठरवावं. किती चौकटीत घ्यायचं ते मग लेन्स ठरवते.

थंडीत नदीवर धुकं असतं तेव्हा तर काम आणखी सोपं. मागच्या गोष्टी फिकट, निळसर होत जातात आणि शेंदरी रंग आपोआप पुढे येतो. कोवळं ऊन बाजूने पडलं, की छाती, दंड, पोटऱ्या यांना गोलाई येते. समोरून पडलेल्या उन्हात तोच मारुती कागदाचा वाटतो.

त्याची खरी किंमत कळते ती पुरात. पायऱ्या बुडालेल्या असतात, म्हणजे आत नेणाऱ्या रेघा गेल्या. तांब्या, पालं, माणसं, सगळं गेलं. उरतो गढूळ पाण्याचा एकसारखा पसारा. त्यात लांबी-रुंदी दिसते, पण पाणी किती चढलंय याचा अंदाज येत नाही. २००८, २०१६ आणि २०१९ च्या मोठ्या पुरांत नाशिकचं लक्ष त्याच्याकडेच लागलेलं होतं. अशा फोटोत त्याचं किती अंग पाण्याबाहेर आहे एवढं पाहिलं, की खालचं न दिसणारं अंगही आपण मनात पुरं करतो, आणि पाण्याची उंची अंगावर येते. तोच एक फोटो नदीचं मापही देतो आणि तिची भीतीही.

म्हणून पुराच्या दिवशी चांगल्या फोटोसाठी पाण्याच्या कडेला उतरू नये. उंचावर, सुरक्षित जागी उभं राहावं, लांबचा फोटो घेणारी लेन्स लावावी आणि त्याला चौकटीत ठेवावं. फोटोला माणसाच्या घडणीचं काहीतरी पाण्यात उभं असावं लागतं. ते काम आपल्या वतीने तो करतोच आहे.